कोपिष्ट संत आणि फिरलेले देऊळ

घरातील वडील माणसे मुलांस धाक घालतात तेव्हा देवाचे नाव पुष्कळदा पुढे करतात. नैवेद्य दाखविण्यापूर्वी लाडवास हात लावलास तर देव कोपेल, पारोशाने देवघरात शिरलास तर बाळकृष्ण रागावेल, अशी वाक्ये लहानपणी ज्याच्या कानी पडली नाहीत असा वाचक विरळाच. परंतु ह्याच घरात संतांची नावे निघू लागली की धाकाचा तो सूर एकाएकी मावळतो. ज्ञानोबा रागावतील, नामदेव शिक्षा करतील, एकनाथ हात लुळा पाडतील, असे कोणा आजीने नातवास सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विशेष आहे हे सहसा ध्यानातच येत नाही. ते यावे म्हणून मध्ययुगातील ख्रिस्ती संतांच्या काही कथा आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाची कथा शेजारी ठेवून पाहावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम युरोपातील कथा पाहू. फ्रान्सच्या दक्षिण भागात डोंगराच्या कुशीत कोंक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे संत फ्वा ह्या कुमारिकेच्या अस्थी आहेत. रोमन बादशाहीत ख्रिस्ती धर्म सोडण्याचे नाकारल्यामुळे बारा वर्षांच्या ह्या मुलीस आझां नगरीत मारण्यात आले अशी परंपरा आहे. तिच्या अस्थी मुळात आझांच्याच. नवव्या शतकात कोंकच्या एका मठवासीयाने त्या चोरून आणल्या. नवल हे की मठाने ही चोरी लपविली नाही, उलट अभिमानाने लिहून ठेवली. संताच्या इच्छेवाचून तिच्या अस्थी जागच्या हलतीलच कशा, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे ह्या अस्थींसाठी रत्नजडित सोन्याची बैठी मूर्ती घडविण्यात आली, ती आजही कोंकला पाहावयास मिळते.

अकराव्या शतकाच्या आरंभी आंजे येथील बर्नार्ड नावाचा विद्वान तेथे गेला. सोन्याच्या मूर्तीपुढे लोक लोटांगणे घालतात हे पाहून प्रथम त्यास हसू आले. ही तर जुन्या रोमन देवतांचीच पूजा, असे त्यास वाटले. पण तेथील कथा ऐकता ऐकता तो पुरा भक्त बनला आणि त्या कथांचा ग्रंथ त्याने लिहिला. त्यातील संत फ्वा मोठी कडक आहे. एका धर्मोपदेशकाने तिच्या मूर्तीची टवाळी केली. त्याच रात्री एका दरारा वाटावा अशा स्त्रीने स्वप्नात येऊन त्यास छडीने झोडपले आणि सकाळी आपली हकीकत सांगण्यापुरताच तो जगला. दुसरी कथा थोडी विनोदी आहे. एका स्त्रीने मरणसमयी आपली अंगठी संत फ्वाला देऊ केली होती. नवऱ्याने दुसरे लग्न केले आणि ती अंगठी नव्या बायकोच्या बोटात गेली. बोट सुजले, वेदना असह्य झाल्या, अंगठी निघेना. अखेर ती बाई कोंकला जाऊन देवळात बसली. आणि नाक शिंकरताच अंगठी आपोआप उडून खाली पडली! संताच्या ह्या प्रकारांना तेथील लोक तिच्या गमती म्हणत. आपल्याकडील नवसाच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही बाई परकी वाटणार नाही.

वेल्स देशातील जेराल्ड नावाच्या लेखकाने बाराव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंड व वेल्स येथील प्रवासाचे वृत्तान्त लिहिले. आयर्लंडचे संत इतर देशांतील संतांपेक्षा अधिक सूड घेणारे दिसतात, असे त्याने स्वच्छ नमूद केले आहे. वेल्समधील एका चर्चमध्ये कबुतराची पिले चोरावयास गेलेल्या एका मुलाचा हात ज्या दगडावर टेकला होता त्यासच चिकटून बसला. आईबापांनी व गावकऱ्यांनी तीन दिवस व तीन रात्री प्रार्थना केली तेव्हा कोठे तो सुटला, अशी गोष्ट तो सांगतो. आयरिश कथांत तर संत राजाशीही झुंजतात. रुआदान नावाच्या संताने दिआर्मित राजाविरुद्ध उपोषण मांडले, राजानेही उलट उपोषण मांडले, आणि शेवटी संतांनी घंटा वाजवून दिलेल्या शापाने तारा ही राजधानी ओसाड झाली, असे सांगतात. अन्याय करणाऱ्याच्या दारी उपाशी बसण्याची ही आयरिश रीत आणि आपल्याकडील धरणे ह्यांतील साम्य सर हेन्री मेन ह्या कायदेपंडितांनी १८७५ साली दाखवून दिले होते.

आता प्रश्न असा की क्षमेचा उपदेश करणाऱ्या येशूचे हे अनुयायी इतके कोपिष्ट का झाले? ह्याचे उत्तर त्या संतांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्यांच्या मठांच्या अवस्थेत शोधणे बरे. दहाव्या-अकराव्या शतकांत फ्रान्समध्ये राजाची सत्ता नाममात्र उरली होती. टेकडीटेकडीवर गढ्या उभ्या राहिल्या होत्या आणि गढीवाले सरदार मनास येईल त्याची जमीन बळकावीत होते. मठांना भाविकांनी दिलेल्या जमिनी, द्राक्षांचे मळे व कुळे पुष्कळ. परंतु त्यांच्यापाशी फौज नव्हती, आणि ज्याच्याकडे दाद मागावी असे न्यायालयही नव्हते. अशा वेळी ह्या जमिनीचा खरा मालक कोण, तर ज्याच्या अस्थी वेदीखाली आहेत तो संत, ही समजूत मठाच्या फार उपयोगी पडली. मालक मेलेला नाही, तो आपल्या वतनावर नजर ठेवून आहे, आणि जो कोणी त्यास हात लावील तो घोड्यावरून पडून मान मोडून मरेल, असे एकदा सर्वांच्या मनात ठसले म्हणजे निदान काही सरदार तरी दोन पावले मागे सरत. कोपिष्ट संत हा निःशस्त्र मठाचा पहारेकरी होता.

हा पहारेकरी कामात कसूर करू लागला तर त्याचीही गय होत नसे. संकट आले असता मठवासी संतांच्या अस्थी वेदीवरून काढून जमिनीवर ठेवीत, त्यांवर काटे पसरीत, दारेही काट्यांनी अडवीत आणि नेहमीचे गायन बंद करीत. फ्लरी येथील संत बेनेडिक्टच्या मठाच्या कथांत एका कुळाच्या बाईची गोष्ट आहे. गावच्या दांडग्याने गांजलेली ही बाई देवळात धावली, वेदीवरील वस्त्रे बाजूस सारून तिने वेदीस कोरडे मारले आणि, म्हाताऱ्या, झोपलास काय, असा संतासच जाब विचारला. अस्थींना असे खाली ठेवण्याची चाल ल्यों येथील धर्मपरिषदेने १२७४ साली निषिद्ध ठरविली. आमच्या वाचकांना ह्यात फारसे आश्चर्य वाटू नये. पाऊस लांबला की महादेवाची पिंडी पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत आपल्या गावोगावी होती. आणि निवडणुकीच्या किंवा परीक्षेच्या निकालाची वाट पाहणारे लोक देव पाण्यात घालून बसले आहेत, असे आपण आजही बोलतो. देवासच संकटात टाकून त्याच्याकडून काम करवून घेण्याची ही युक्ती दोन्ही खंडांत सारखीच सुचली.

तेव्हा शाप आपल्यास अपरिचित, असे कोणी म्हणू नये. दुर्वासांची कथा कोणास ठाऊक नाही? शिवाय महाराष्ट्रात शिलाहार व यादव राजांच्या काळच्या दानशिलांवर जे चित्र कोरलेले आढळते त्यास गधेगाळ म्हणतात. दान दिलेली जमीन जो हिरावून घेईल त्यास घालावयाची शिवी त्या दगडावर अक्षरांनी व चित्राने इतकी उघड कोरलेली असते की कुटुंबात वाचावयाच्या मासिकात तिचे वर्णन करण्याचे कारण नाही. वर सूर्य व चंद्र, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर दान चालावे ही इच्छा. आणि खाली ते शापाचे चित्र. कोंकच्या मठात जे काम संत फ्वाची छडी करीत होती तेच आपल्याकडे हा दगड करीत होता. जमिनीस शाप लागतो, तो राखणदार म्हणून.

ह्या पार्श्वभूमीवर औंढ्याची कथा पाहावी. औंढा नागनाथ हे क्षेत्र पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला तेव्हा ते त्यात आले. महाराष्ट्रात ह्या स्थानास बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानतात. द्वारकेजवळच्या नागेश्वराचाही तोच दावा आहे. देवळाचा खालचा भाग यादवकालीन, दगडी व कोरीव कामाने भरलेला. वरचा भाग मागाहून चुनेगच्चीत बांधलेला. लिंग भुयारासारख्या गाभाऱ्यात असून तेथे अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते. ह्याच जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी हे गाव नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. त्यांचा जन्म १२७० चा व समाधी १३५० ची असे परंपरा मानते.

कथा अशी की नामदेव औंढ्यास देवळासमोर कीर्तनास उभे राहिले. शिंप्याच्या कीर्तनाने आपल्या पूजेस व्यत्यय येतो, वाट अडते, विटाळ होतो, असे म्हणून तेथील पुजाऱ्यांनी त्यांस दूर हाकलले. नामदेव देवळाच्या पाठीमागे जाऊन बसले आणि तेथेच त्यांनी भजन मांडले. तेव्हा देऊळच फिरले! पूर्वेकडे असलेले त्याचे तोंड पश्चिमेस, नामदेवांकडे झाले. नंदी मात्र होता तेथेच राहिला, म्हणून तो आता देवळाच्या मागे पडला आहे, असे तेथे जाणाऱ्या प्रत्येकास सांगतात. दगडांची दिशा कोणत्या काळी व कोणत्या कारणाने ठरली हे स्थापत्यशास्त्रज्ञांनी पाहावे. आम्हांस येथे कथेशी कर्तव्य आहे. ही कथा बरीच जुनी आहे, ह्यास चांगला पुरावा मिळतो. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि ह्या ग्रंथाचे पहिले संकलन १६०४ सालचे आहे. त्यातील एका पदात नामदेव स्वतःच सांगतात की मी हसत खेळत देवळात आलो, भक्ती करीत असता मला धरून उठविले, तेव्हा कांबळे उचलून मी मागे जाऊन बसलो, आणि देऊळ माझ्याकडे वळले. गावाचे नाव त्या पदात नाही. मराठी परंपरेने ते औंढ्याशी जोडले आहे.

आता ह्या कथेत काय घडत नाही, तिकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. हाकलणाऱ्या पुजाऱ्यांचे हात झडत नाहीत. कोणाची वाचा जात नाही, कोणाचे घर जळत नाही, रात्री स्वप्नात येऊन कोणी छडीने मारीत नाही. हीच कथा कोंकच्या किंवा आयर्लंडच्या मठात लिहिली गेली असती तर सकाळपर्यंत एखादा तरी पुजारी मेला असता. औंढ्यास सारी हालचाल एकट्या देवळाने केली. पुजारी उभे होते तेथेच उभे राहिले. केवळ एवढे झाले की जेथे ते उभे होते ती आता देवाची पाठ झाली. विचार करू लागले असता ही शिक्षा लहान वाटत नाही. परंतु तीत कोणाच्या शरीरास इजा नाही, आणि ज्यास शहाणपण सुचेल त्यास देवळाला वळसा घालून समोर येण्याची वाट मोकळी आहे.

ग्रंथसाहिबातील दुसऱ्या एका पदातही हेच दिसते. सुलतान नामदेवांस बांधून मेलेली गाय उठविण्याचा हुकूम करतो. त्यांच्या अंगावर हत्ती घालतात. शेवटी गाय उठते. आता सूड घेण्याची वेळ. पण नामदेव मागतात काय, तर सुलतानाने सत्याने व शीलाने चालावे, इतकेच.

औंढ्याशी जोडलेले दुसरे नाव विसोबा खेचरांचे. हे आधी ज्ञानेश्वर व त्यांच्या भावंडांचे कट्टर द्वेष्टे होते. मुक्ताबाईस मांडे भाजण्यासाठी कुंभारांनी भांडे देऊ नये अशी व्यवस्था त्यांनी केली, आणि ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले गेले, ही कथा घरोघर ठाऊक आहे. अशा छळकाचे संतचरित्रात पुढे काय होते? तो पश्चात्ताप पावतो, त्याच मुलांचा शिष्य होतो आणि शेवटी नामदेवांचा गुरू होतो. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव, असे नामदेवांस सांगितले तो प्रसंग ह्याच नागनाथाच्या देवळातला मानतात. युरोपच्या कथांत शत्रूचा अंत होतो. आपल्या कथांत बहुधा शत्रुत्वाचा अंत होतो आणि माणूस शिल्लक राहतो.

ह्याचा सर्वांत बोलका दाखला महीपतीने वर्णिलेल्या तुकारामचरित्रात आहे. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी तुकोबांस आपल्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावल्या. पुढे हे भटजी पुण्यास नागनाथाच्या दर्शनास जात असता अनगडशहा नावाच्या फकिराच्या जागेतील पाण्यात उतरून त्यांनी स्नान केले. फकीर संतापला, त्याच्या शापाने भटजींच्या अंगाचा भयंकर दाह सुरू झाला. आळंदीस समाधीपाशी बसले असता त्यांस दृष्टान्त झाला की तू तुकोबांचा द्वेष केलास, त्यांनाच शरण जा. तुकोबांनी एक अभंग लिहून पाठविला आणि तो वाचताच दाह शमला. पाहा, ह्या कथेत शाप आहे, शापाचे सामर्थ्यही खरे मानले आहे. परंतु शाप देणारा एक आणि उतरविणारा दुसरा. ज्याचे नुकसान झाले होते, ज्यास सूड घेण्याचा पुरा अधिकार होता, त्याच्या वाट्यास कवीने उतारा देण्याचे काम दिले. तुकोबांची आरती ह्याच रामेश्वरभट्टांच्या नावावर आहे.

आमच्या मते ह्या फरकाचे एक मोठे कारण असे की वारकरी संतांपाशी राखावयास जमीनजुमला नव्हता. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, जनाबाई दासी. ज्याचे इनाम नाही, ज्याचा मठ नाही, त्यास कोपिष्ट पहारेकऱ्याची गरज काय? संतांच्या अस्थींचीही हीच गत. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखामेळा इतर मजुरांबरोबर गाडले गेले; नामदेव तेथे गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी निघत होता ती चोखोबांची म्हणून ओळखून त्यांनी पंढरपूरला आणली, असे सांगतात. कोंकच्या अस्थींना सोन्याची मूर्ती मिळाली. चोखोबांच्या अस्थींना महाद्वारासमोर उघड्यावर जागा मिळाली. आणि नामदेव स्वतः तर महाद्वाराची पायरी झाले. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ आपल्या मस्तकी लागावी ही त्यांची इच्छा. पायरी होऊ इच्छिणाऱ्याचा अपमान करावा तरी कसा?

ह्यावरून आपले संत थोर व त्यांचे हीन, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. त्याच युरोपात, नामदेवांच्या जन्मापूर्वी काही वर्षे, १२२६ साली असिसीचे संत फ्रान्सिस वारले. गुब्बिओ गावास छळणाऱ्या लांडग्याला त्यांनी भाऊ म्हणून हाक मारली आणि गावाशी त्याचा समेट करून दिला, अशी त्यांची कथा. त्यांनीही मालमत्ता बाळगण्याचे नाकारले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आणि संत फ्वादेखील शिक्षाच करीत नसे. बेड्यांत अडकलेल्या कैद्यांस सोडविणारी म्हणून तिची तितकीच ख्याती होती. दुबळ्यांना जेव्हा कोणीच वाली नसतो तेव्हा कोपिष्ट संत हा त्यांचा आधार होतो. वेदीस कोरडे मारणाऱ्या त्या बाईला क्षमाशील संत पाहून काय लाभ झाला असता?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारला, कारण तो आपल्या घरापर्यंत येतो. औंढ्याच्या कथेत हाकलणारे कोण होते, हे आपणां वाचकांस सांगण्याची गरज नाही. ते आपल्याच जातीचे होते. त्यांना शिक्षा झाली नाही ह्यात संतांचे मोठेपण आहे, पण त्या मोठेपणाचा लाभ घेणाऱ्यांनी काय केले? क्षमा मिळालेल्या माणसास, आपले काही चुकलेच नव्हते, असे वाटू लागणे फार सोपे असते. नामदेवांची समाधी ज्या देवळाच्या पायरीपाशी आहे त्याच पंढरपूरच्या देवळात चोखोबांच्या जातभाईंना त्यानंतर सुमारे सहाशे वर्षे पाऊल ठेवता आले नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सत्याग्रह सुरू झाला तो वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले तेव्हा विठ्ठलाचे देऊळ सर्वांस खुले झाले. ते उपोषणही कोणास शाप देण्यासाठी नव्हते. परंतु जे काम देवळाने एका रात्रीत वळून दाखविले ते समजावयास आपल्यासारख्या शिकल्यासवरल्यांना सहा शतके व एका माणसाचे प्राण पणास लागावे लागले, हे विसरता येत नाही.

म्हणून औंढ्याची कथा मुलांना सांगताना चमत्कारावर थांबू नये. देऊळ कसे फिरले, हे मुले विचारतीलच. त्यांना पुढचेही विचारू द्यावे: त्या पुजाऱ्यांनी मग काय केले? ते वळसा घालून पुढे आले, की तेथेच नंदीपाशी उभे राहिले? कथा ह्याविषयी काही बोलत नाही. ते उत्तर ज्या त्या घराने आपल्या वागणुकीने द्यावयाचे आहे, आणि देव कोपण्याची वाट न पाहता द्यावयाचे आहे.